मनावरचा कोतवाल

पंपावरचा दिवा लाल झाला तेव्हा कार्मेलिनला आधी वाटलं, पट्टीच सैल बसली असेल.

तिने ती कपाळावरून काढली, आतला घाम रुमालाने पुसला, पुन्हा घट्ट बसवली आणि पंपाचं बटण दाबलं. पंप नेहमीसारखा क्षणभर गप्प राहिला. मग पुन्हा लाल. खाली बारीक अक्षरांत ओळ उमटली: 'हेतू संशयास्पद. औषध दिले जाणार नाही.'

खाटेवर इनास मास्तर कण्हत होते. इनास मास्तर म्हणजे कार्मेलिनचे वडील. कर्करोग हाडांत उतरला होता आणि आता नुसती कूस बदलायची म्हटलं तरी त्यांच्या तोंडून आवाज फुटायचा. उभा जन्म शाळेत आणि चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पोरांना 'रडू नको' म्हणण्यात गेलेला माणूस, स्वतःच्या आवाजाची त्यांना लाज वाटायची. दुपारच्या मॉर्फिनची वेळ झाली होती.

"काय झालं गं बाये?" त्यांनी विचारलं.

"काही नाही पापा. पट्टी सैल होती."

तिने दारातून सबिनाला हाक मारली. सबिना ही तिच्या हाताखालची तरुण नर्स. एका कानात गाणं चालूच असायचं तिचं. ती आली, केस मागे सारून स्वतःची पट्टी चढवली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. नळीतून औषध उतरू लागलं, आणि थोड्या वेळाने मास्तरांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या.

"सिस्टर, तुम्ही जरा बसा," सबिना म्हणाली. "चेहरा पांढराफटक पडलाय तुमचा."

कार्मेलिन स्टुलावर बसली. वीस-बावीस वर्षं ती मरणाऱ्या माणसांची सेवा करत होती, पट्टी येऊनही बरेच दिवस झाले होते, आणि एकदाही तिच्या हातून लाल दिवा लागला नव्हता. आज लागला, तोही स्वतःच्या बापाच्या खाटेशी. यंत्राला आपल्या आत असं काय दिसलं?

*

विसावा सदन वसईच्या किनाऱ्याला होतं. केळीच्या वाड्या संपतात आणि सुरूची झाडं लागतात तिथे. ख्रिस्ती ट्रस्टने चालवलेलं घर. जी माणसं बरी होणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय, त्यांचे शेवटचे दिवस कमी दुखण्यात जावेत, एवढंच तिथलं काम.

देशात स्वेच्छामरणाचा कायदा झाला आणि या साध्या कामाला फाटे फुटले. कुठल्याशा शहरातल्या एका नर्सने दुखणं कमी करायच्या नावाखाली पाच-सहा म्हाताऱ्यांना परस्पर वाटेला लावलं होतं. मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून तीव्र वेदनाशामक औषधाच्या प्रत्येक पंपाला हेतुमापक बसवायचा नियम आला. पंपाला दोन बटणं, म्हणजे जणू दोन दारं. पहिलं दुखणं कमी करण्यासाठी. दुसरं मरण देण्यासाठी. तिथे रुग्णाने किंवा त्याच्या सर्वात जवळच्या माणसाने मोठ्याने तसं सांगावं लागे. दोन्हीकडे औषध देणाऱ्याच्या कपाळावर पट्टी. बोलणं एक आणि मनात दुसरं असं चालायचं नाही. वारसाहक्काच्या घाईत असलेले पुतणे-भाचे आपल्याकडे कमी आहेत का?

पट्टीचं शास्त्र तसं समजायला अवघड नाही. हात हलण्याआधी मेंदू त्या कामाचं फळ मनातल्या मनात चाखून बघतो. फळं अनेक असतात. काही नुसती दिसतात, आणि एखादं असं असतं की ज्याच्यासाठी हात उचलला जातो. त्याचं चित्र डोळ्यांपुढे आलं की आत काहीतरी सुटल्यासारखं होतं. पट्टीतला मंद उजेड कवटीतून आत जायचा आणि कुठल्या भागाकडे रक्त धावतंय ते टिपायचा, सोबत मेंदूतल्या विजेच्या लहरीही. प्रत्येक नर्सने कित्येक आठवडे निरनिराळी कामं करून आपल्या मेंदूची रीत यंत्राला शिकवली होती. बटण दाबायच्या क्षणी यंत्र दोनच चित्रांवर नजर ठेवी: रुग्णाचा निवांत झालेला चेहरा आणि रुग्णाचा थांबलेला श्वास. यातल्या कुठल्या चित्रापाशी तुमच्या आत ते सुटल्यासारखं होतंय, एवढंच त्याला बघायचं होतं.

नर्सनी त्याचं नाव ठेवलं कोतवाल. दुसऱ्या बटणावर कुणीतरी संत जोसेफचं, सुखाच्या मरणासाठी ज्याला विनवतात त्याचं, चिकटचित्र लावून टाकलं, कारण कॅथलिकांच्या घरात ते दार उघडायचा प्रश्नच नव्हता.

खरं सांगायचं तर ट्रस्टला आनंदच झाला होता. फादर एलायस नर्सना दरवर्षी एक गोष्ट सांगत. त्यांनी धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत अख्खी हयात नीतिशास्त्र शिकवलं होतं. आता थकल्यावर सदनात धर्मगुरू म्हणून राहत होते. ते म्हणायचे, "केळीला पाणी सोडलं की गवतालाही मिळतं. पण गवतासाठी कुणी पंप लावत नाही. दुखणं थांबावं म्हणून औषध दिलंत आणि त्याने आयुष्य चार घटका कमी झालं, तर ते गवत. मरण यावं म्हणून तेच औषध दिलंत तर तो खून. बाटली तीच, हात तोच. फरक फक्त हेतूचा." चर्च ही गोष्ट कित्येक शतकं सांगत आलं होतं, पण हेतू दाखवायचा कसा? आता दाखवता येत होता.

तरी ट्रस्टच्या सभेत कुरकुर केली ती फादर एलायस यांनीच. मन ही देवाची खोली आहे, तिथे दुसऱ्या कुणी खिडकी पाडू नये, असं काहीसं ते म्हणाले. तेव्हा इनास मास्तर उठून उभे राहिले. ट्रस्टवर सर्वात जुने ते. "फादर," ते म्हणाले, "मी पोरांना आयुष्यभर एकच शिकवलं. रोज संध्याकाळी मनाची झडती घ्या, खोटं लपवू नका. आता यंत्र आपली झडती घेणार म्हणून आपणच मागे सरायचं? कर नाही त्याला डर कशाला?"

सभेत टाळ्या पडल्या. कार्मेलिनही टाळ्या वाजवणाऱ्यांत होती.

*

संध्याकाळी प्रार्थनागृहात ती फादरांसमोर बसली. पापनिवेदनाचे ठरलेले शब्द तिला म्हणवेनात.

"फादर, मला पापा मरायला हवेत," ती एकदम म्हणाली.

फादर एलायस दचकले नाहीत. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "हवेत म्हणजे?"

"त्यांचं दुखणं बघवत नाही. वाटतं, संपू दे. त्यांचंही आणि माझंही. घरी जाऊन एक दिवस मला नुसतं झोपायचंय, फादर." ती रडू लागली. "आणि ते 'माझंही' मनात आलं ना, तिथेच मी घाबरले. म्हणजे मी त्यांच्यासाठी देत नाहीये औषध. मी माझ्यासाठी देतेय."

"ऐक. वाटणं वेगळं आणि ठरवणं वेगळं. विचार दारापाशी येतो, म्हणून तो घरातला होत नाही. मनाने त्याला हो म्हटलं तर पाप. शेजाऱ्याचं घर जळावं असं एखाद्या दिवशी कुणालाही वाटतं. म्हणून काय सगळे आगलावे?"

"मग मी हो म्हटलंय की नाही, हे कोण सांगणार? मी? का कोतवाल?"

आजवर या प्रश्नावर ते निवेदन करणाऱ्यालाच म्हणत, 'तुझं अंतःकरण सांगेल.' आणि समोर बसलेली ही बाई नेमकं तेच अंतःकरण हातात घेऊन, हे माझं आहे ना म्हणून विचारत होती.

"बरं, बटण दाबायच्या आधी तू काय करतेस?" त्यांनी विचारलं.

"काय करणार? नेहमीसारखी मरियेची प्रार्थना म्हणते. पहिल्या दिवसापासून म्हणते."

"पूर्ण?"

"पूर्ण. म्हणजे..." कार्मेलिन थांबली. त्या प्रार्थनेच्या शेवटी मरणाच्या घटकेचं नाव येतं. प्रत्येक कॅथलिक मूल बोलायला लागल्यापासून ते म्हणतं, आणि म्हणताना कुणी त्याचा विचारही करत नाही. पण बाप समोर मरणाला टेकलेला असताना ते शब्द नुसते तोंडातून जातील का? ते म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे बापाचं सुखाचं मरण उभं राहत होतं. संत जोसेफला मिळालं तसं, आपली माणसं उशाशी असलेलं. आणि ते चित्र तिला बरं वाटत होतं. कुठल्याही ख्रिस्ती माणसाला ते बरंच वाटणार!

"अरे देवा, प्रार्थनाच ती!" ती रडता रडता हसली. "कोतवालाला प्रार्थना कळली नाही, फादर!"

फादरही हसले. तिने इतका मोठा श्वास सोडला की मेणबत्तीची ज्योत हलली.

"मग उद्या बटण दाबताना प्रार्थना नको म्हणूस," फादर म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. प्रार्थना करू नकोस, असं सांगायची पाळी या कपड्यांत त्यांच्यावर कधी आली नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी कार्मेलिन प्रार्थनेऐवजी एकोणतीसचा पाढा म्हणत खाटेशी उभी राहिली. पाढ्यात मरणबिरण काही नसतं.

"एकोणतीस सक एकशे चौसष्ट..." ती पुटपुटली. मास्तरांनी डोळे किलकिले केले. "पाढे कसले म्हणतेस? आणि सक चुकलीस."

"तुमचीच शिकवण, पापा," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

लाल.

ती तशीच उभी राहिली. म्हणजे दोष प्रार्थनेचा नव्हता. काल हसून हसून तिने जो काटा मनातून काढला होता तो मुळी तिथे रुतलेलाच नव्हता. जे होतं ते आणखी आत होतं. सबिनाने येऊन औषध दिलं तेव्हा मास्तर जागे होते. त्यांनी सबिनाने लावलेला हिरवा दिवा पाहिला, मग लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

त्या रात्री तिने मनाची झडती घेतली, तासन् तास घेतली. लहानपणी शेंगदाणे चोरल्यापासूनची सगळी खोकी उघडून बघितली. बापाचा राग कधी केला? केला होता. कॉलेजला मुंबईला पाठवलं नाही म्हणून. आईच्या आजारात त्यांनी तिलाच पहिली नोकरी सोडायला लावली म्हणून. मग तो राग म्हणजेच हा हेतू का? जितकं ती खणत गेली तितकं सापडत गेलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते खोटं नाही.

आणि गोष्ट तिच्यापाशी थांबली नाही. सदन लहान, भिंतीला कान. कार्मेलिन सिस्टरचा दिवा लाल होतो, आणि तोही वडिलांवर, ही बातमी दुपारच्या चहापर्यंत सगळीकडे झाली होती. तिच्यासारख्या बाईचं असं, तर आपलं काय? प्रत्येकजण पट्टी चढवताना स्वतःच्या आत डोकावू लागला. गोष्टीतल्या वैद्याने औषध देताना बजावलं होतं ना, की घेताना माकडाची आठवण काढू नको, आणि त्या माणसाला जन्मात औषध घेता आलं नाही. तसंच झालं. त्यात ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होता. पापांचा पश्चात्ताप करा, असं चर्चमध्ये प्रत्येक मिस्सेत सांगत होते. आधी एकीचा दिवा लाल झाला, मग दुसरीचा. खोल्या-खोल्यांतून कण्हण्याचे आवाज वाढले. नातेवाईक नर्सकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले, आणि ती नजर पाहून नर्स आणखी भेदरल्या.

हिरवा राहिला तो फक्त सबिनाचा. तिला या सगळ्याचं काही नव्हतं. ती खोलीत यायची, बटण दाबायची, जायची. मरणाऱ्यांची नावंसुद्धा तिच्या नीट लक्षात राहत नसत. सगळ्या सदनाचं दुखणं आता त्या एका मुलीच्या बेफिकिरीवर तरलं होतं.

मग एका सकाळी सबिना कानात गाणं नसलेली आली. "सिस्टर," ती कुजबुजली, "काल सगळे मलाच हाका मारत होते. पंधरा नंबरच्या आजींनी माझा हात धरला, म्हणाल्या, तुझं मन गंगेसारखं आहे गं. मी रात्रभर विचार करतेय. मला कुणाचं काहीच वाटत नाही म्हणून हिरवा होतो का माझा? मी इतकी वाईट आहे का?"

"असला विचार करू नकोस!" कार्मेलिन ओरडलीच. "सबिना, कृपा कर, विचार करू नकोस."

पण उशीर झाला होता. मास्तरांच्या सकाळच्या औषधाला सबिनाचा दिवा लाल झाला. तिने तीनदा दाबून पाहिलं, मग पट्टी जमिनीवर टाकून ती रडत बाहेर पळाली.

*

दुपारपर्यंत मास्तरांनी दोन टॉवेल चावून फाडले.

त्यांचं सगळं अंग घामाने निथळत होतं. ओरडायचं नाही म्हणून ते दात आवळत, आणि मग आवाज नाकातून यायचा, गुरासारखा. कार्मेलिनने तोवर पुष्कळ मरणं पाहिली होती, पण औषध हाताशी असताना असं मरण तिने पाहिलं नव्हतं. पंपाच्या काचेआड औषधाची कुपी तिला दिसत होती.

तिने डॉक्टर नेरूरकरांना फोन लावला. ते आठवड्यातून एकदा शहरातून येत, एरवी फोनवर.

"दुसऱ्या दाराने द्या ना," डॉक्टर म्हणाले. "पहिलं लाल झालं की इकडे सगळे हल्ली तेच करतात. वाक्य बोलायचं आणि मात्रा आपली नेहमीचीच लावायची. माणूस मरतबिरत नाही. तुम्ही जवळचं माणूस आहात, तुम्हाला बोलता येतं. कोण विचारतंय मागाहून?"

"पण ते वाक्य, डॉक्टर..."

"सिस्टर, वाक्यच आहे हो ते."

तिने फोन ठेवला आणि नखाने संत जोसेफचं चित्र सोलायला सुरुवात केली. फादर एलायस खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मास्तरांनी ते पाहिलं.

"नको," ते म्हणाले. "बाये, ते वाक्य नको. मी सोसतो."

"इनास, सोसलंच पाहिजे असा देवाचा नियम नाही," फादर म्हणाले. "दुखणं कमी करणं हे पुण्य आहे. मी तुला चाळीस वर्षं हेच सांगत आलोय."

"आणि त्यासाठी खोटं बोलायचं? तिने? देवासमोर?"

फादरांना सेमिनरीतला वर्ग आठवला. शिकवताना हे किती सोपं होतं.

कार्मेलिनला खोट्याची भीती वाटत नव्हती. खोटं ठरलं तर एक पाप, त्याला प्रायश्चित्त आहे. तिला भीती वाटत होती ती ते खरं निघण्याची. तिने ते वाक्य उच्चारलं आणि कोतवालाने दार उघडलं, तर? मग कसली शंका उरणार नव्हती. औषध पोचलं असतं, पापांना झोप लागली असती, आणि ती जन्मभर बापाच्या मरणावर टपलेली बाई म्हणून जगली असती.

मास्तरांच्या नाकातून पुन्हा तो आवाज आला. तिने पट्टी बांधली.

"मी कार्मेलिन तुस्कानो," ती म्हणाली. तिचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. "या रुग्णाची मुलगी. याचं मरण मला हवं आहे." तिने दुसरं बटण दाबलं.

पंप गप्प राहिला. फादरांनी डोळे मिटले. मास्तर लेकीकडे बघत होते, आणि त्या नजरेत दुखण्यापेक्षाही मोठं भय होतं.

लाल.

'घोषणा आणि हेतू जुळत नाहीत. औषध दिले जाणार नाही.'

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग तिच्या तोंडून हुंदका फुटला, हसण्यासारखा. "फादर! नकोय मला! पापा, ऐकलंत का, तुमचं मरण नकोय मला!" तिने वाकून मास्तरांच्या ओल्या कपाळाला गाल लावला. कितीतरी दिवसांत तिला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

आणि तिच्या गालाखाली मास्तर किंचाळले. यावेळी दात आवळायचंही त्राण त्यांच्यात नव्हतं. ती झटक्यात मागे सरली. दोन्ही दारं बंद होती. पापांनी जावं असंही तिला वाटत होतं आणि जाऊ नये असंही. कोतवालाला एकच मन लागत होतं, तिच्याजवळ दोन होती. कुणाजवळ नसतात?

कोपऱ्यात ऑक्सिजनच्या सिलिंडरला लोखंडी पाना लटकत होता. तिने तो काढला.

"कार्मेलिन," फादर म्हणाले, "दिवा हिरवा नसताना दिलंस आणि तो गेला, तर कायद्याने तो खून आहे. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि पंप फुटला की पोलीस ठाण्यात घंटा वाजते."

"वाजू दे."

फादर एलायस दारापाशी गेले, आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून उभे राहिले. पहिल्या घावाला काच तडकली, दुसऱ्याला फुटली. पंप कर्कश ओरडू लागला. तिने पट्टी कपाळावरून ओढून फेकली, कुपी काढली, साध्या सिरिंजमध्ये औषध ओढायला घेतलं. जुन्या काळी मेट्रनने शिकवलं होतं तसं, उजेडाकडे धरून.

आणि तिचा हात थांबला. किती? कालपासून पापांच्या पोटात पाणी नव्हतं, नाडी दोऱ्यासारखी लागत होती. नेहमीची मात्रा या शरीराला झेपेल का? कदाचित श्वासच थांबेल. निम्मी दिली तर हे दुखणं तिला दाद देणार नाही. एरवी अशा वेळी तिचे हात बरोबर तेच करायचे, तिला विचार करावा लागत नसे. आता प्रत्येक थेंबामागे तिला स्वतःचा चेहरा दिसत होता. जास्त ओढतेय ती दुखण्यासाठी? कमी ओढतेय ती स्वतःला वाचवायला?

तिने नेहमीचीच मात्रा ओढली.

मास्तरांच्या डोळ्यांत त्या क्षणी स्वच्छ ओळख होती. ते सिरिंजकडे बघत होते. "बाये," ते म्हणाले, "तुझ्या मनात काय आहे?"

साऱ्या जन्मात तिने या प्रश्नाला त्यांच्यापुढे खोटं उत्तर दिलं नव्हतं.

"ठाऊक नाही, पापा."

पंप ओरडतच होता. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग ती गेली, किंवा तिला गेल्यासारखी वाटली.

"हे मी विचारायला नको होतं," ते म्हणाले. "तुलाही नाही, कुणालाच नाही." मग त्यांनी आपला हाडकुळा हात चादरीतून बाहेर काढला आणि तिच्यापुढे उपडा ठेवला. "दे."

फादर दारापाशीच मरियेची प्रार्थना म्हणू लागले, मोठ्याने, पूर्ण. मास्तरांचे ओठ त्याबरोबर हलले. कार्मेलिनने शीर शोधली आणि औषध हळूहळू आत सोडलं.

चेहरा सुटला. आधी जबडा, मग कपाळ. मास्तरांचे डोळे मिटले. इतक्या तासांनी पहिल्यांदाच ते नुसते झोपलेल्या माणसासारखे दिसत होते. बाहेर फाटकापाशी गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी मोठमोठ्याने सबिनाला काहीतरी विचारू लागलं.

"श्वास आहे ना?" फादरांनी विचारलं.

"आहे."

श्वास होता, पण दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. एक आला. मग काहीच नाही. तिने स्वतःचा श्वास रोखून धरला. मग पुढचा आला, उथळ, आणि तिच्या अंगातून काहीतरी सुटत गेलं. श्वास आला म्हणून सुटलं, की येणार नाही असं वाटलं म्हणून मघाशीच सुटलं होतं? दारावर थाप पडली. "दार उघडा!" फादर हलले नाहीत. पुन्हा अंतर पडलं, मघापेक्षा लांब. आपण कशाची वाट बघतोय, हा प्रश्न कार्मेलिनच्या मनात वर येऊ लागला, आणि आयुष्यात प्रथमच तिने त्याला वर येऊ दिलं नाही. तिने पापांच्या छातीवर तळहात टेकला, डोळे गच्च मिटले आणि थांबून राहिली. आत डोकावून बघायची तिची हिंमत नव्हती.